पस्तीस अंशांची डबी

पुढचा मॅक मिनी कसा दिसेल याच्या वावड्या उठायला ॲपलला काहीच करावे लागत नाही. आधीचा बाजारात जरा स्थिरावला की पुढच्याची चित्रे फिरू लागतात. आणखी बारीक होणार, रंगीत होणार, वरचे झाकण काचेसारखे चकाकणार. चकाकणारे झाकण तर २०२१ सालीच 'नक्की' झाले होते. जॉन प्रॉसर या अमेरिकन गृहस्थाने तशी चित्रे प्रसिद्ध केली, चाहत्यांनी त्यावर भरपूर काथ्याकूट केला, आणि जानेवारी २०२३ मध्ये एम-टू चिपचा मॅक मिनी आला तो २०१० पासूनच्या त्याच चौकोनी ॲल्युमिनियमच्या अंगरख्यात. उलट ऑगस्ट २०२४ मध्ये मार्क गुरमन या पत्रकाराने 'आता तो ॲपल टीव्हीच्या डबीएवढा होतोय' असे लिहिले, आणि ऑक्टोबरअखेर खरोखरच पाच इंच लांब, पाच इंच रुंद आणि दोन इंच उंच असा मॅक मिनी जाहीर झाला. म्हणजे नेम कधी लागतो, कधी हुकतो. आमची तक्रार नेमाबद्दल नाही, निशाण्याबद्दल आहे.

या अंदाजांत उंची असते, रंग असतो, पुढच्या बाजूला किती छिद्रे हे असते. कंपनीच्या माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली एक ओळ मात्र कोणाच्याच अंदाजात नसते. मॅक मिनीने कोणत्या हवेत काम करावे ते त्या ओळीत सांगितलेले असते: १० ते ३५ अंश सेल्सियस. ही ओळ भंडारा जिल्ह्यात बसून वाचावी.

इथे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांना टेकतो, आणि तोही सावलीतला. पंचवीस मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की नवतपा लागतो. नेमक्या त्याच दिवसांत जिल्ह्यातल्या डेस्कटॉप संगणकांना वर्षातले सगळ्यात जास्त काम असते. दहावी-बारावीचे निकाल अलीकडे मेमध्येच लागतात, आणि निकाल लागला की तुमसर काय, मोहाडी काय, लाखांदूर काय, दाखले देणाऱ्या सेतू केंद्रासमोर रांग लागते. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास, जातीचे प्रमाणपत्र. पत्र्याचे छत, दहा बाय बाराची खोली, एक संगणक, एक प्रिंटर, एक स्कॅनर, दारात वीस माणसे. कॅलिफोर्नियातल्या आरेखकाने ज्या टेबलाची कल्पना केली, ते हे टेबल नव्हे.

कोणी म्हणेल की कूलर असतो की. असतो, आणि खरी गंमत तिथेच आहे. विदर्भातला कूलर खोली थंड करतो तो हवेत पाणी मिसळून. खसच्या ताट्यांमधून आलेला तो ओला वारा माणसाला सुखाचा, पण यंत्राला नाही. प्रिंटरच्या ट्रेमधला कागद दुपारपर्यंत दमट होतो, मग एकाऐवजी दोन कागद ओढले जातात आणि दाखला मध्येच अडकतो. कूलर बंद करावा तर संगणक तापतो, चालू ठेवावा तर कागद अडतो. बऱ्याच ठिकाणी यावर तोडगा असतो तो असा: कूलरचे तोंड माणसाकडे, टेबलफॅनचे तोंड सीपीयूकडे, आणि सीपीयूचा एका बाजूचा पत्रा कायमचा काढून ठेवलेला. आत सगळे उघडे. थंड राहण्याची ही पद्धत कोणत्याही कंपनीच्या पत्रकात नाही, पण चालते.

नव्या मॅक मिनीचा पत्रा काढायची सोय नाही. त्याची हवा आत घेणे-बाहेर सोडणे सगळे तळाशी असलेल्या गोल पायातून होते. रचना म्हणून हे फार देखणे आहे, वरून-बाजूने एकही फट दिसत नाही. पण टेबलाच्या पातळीवर नाक टेकवून श्वास घ्यायचा, तर टेबल स्वच्छ हवे. हा धानाचा जिल्हा. हंगामात भरडाई सुरू झाली की राईस मिलच्या आसपासच्या दुकानांत कोंड्याचा बारीक भुसा सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येईल इतका बसतो. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणींकडच्या रस्त्यावर तर धुळीचा रंगच वेगळा.

तीच गत चालू-बंदच्या बटणाची. २०२४ च्या मॅक मिनीत ते बटण तळाला, मागच्या कोपऱ्यात गेले. जगभर थट्टा झाली. डबी उचलायची, चाचपायचे, दाबायचे! ॲपलच्या ग्रेग जॉसविआक यांनी खुलासा केला की मॅकवर हे बटण सहसा वापरावेच लागत नाही. ॲपलच्या कूपर्टिनोमध्ये नसेल लागत. इकडे 'लाईन गेली' हे वाक्य उन्हाळ्यात जेवणाखाण्याइतके नेहमीचे, आणि दुकान बंद करताना मेन स्विच खाली ओढून जाणे ही शिस्त समजली जाते. वीज परत आली की मॅक आपोआप सुरू होईल अशी सोय आत आहे हे खरे, पण ती सेटिंगमध्ये जाऊन लावावी लागते. सेतूवाल्याला हवे ते मोठे बटण, समोर, अर्जांच्या गठ्ठ्यातूनही हाताला लागेल असे.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, भंडाऱ्यात मॅक मिनी घेतो कोण? २०२४ मध्ये आला तेव्हा साठ हजारांना शंभर रुपये कमी, आणि वर मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आपापला. २००५ मध्ये स्टीव्ह जॉब्सने पहिला मॅक मिनी ४९९ डॉलरला आणला तेव्हाही हेच होते, बाकीचे सामान गिऱ्हाईकाने घरून आणावे. प्रश्न रास्त आहे. पण या डबीची नक्कल सगळे करतात. लेनोवो, डेल, एचपी यांचे लिटरभर आकाराचे छोटे डेस्कटॉप आज मोठ्या शहरांतल्या कार्यालयांत आहेत. तिथली तीन-चार वर्षांची मुदत संपली की असे संगणक जुन्या मालाच्या बाजारात उतरतात आणि अर्ध्याहून कमी दरात लहान गावांच्या दुकानांत पोचतात. ॲपलने आज जे बटण लपवले, ते उद्या साकोलीच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्येही लपलेले असेल.

आणि आम्ही लहान संगणकाच्या विरोधात मुळीच नाही. उलट त्याची खरी गरज इथेच आहे. २०२४ चा एम-फोर चिपचा मॅक मिनी नुसता सुरू असताना सुमारे चार वॅट वीज खातो, जोर लावला तरी ६५ च्या आसपास. जुना टॉवर नुसता सुरू ठेवला तरी याच्या कितीतरी पट खातो. इन्व्हर्टरवर दुकान चालवणाऱ्याला हा फरक कोणी समजावून सांगावा लागत नाही. लेझर प्रिंटर तापताना क्षणभर शेकडो वॅट ओढतो, म्हणून तो इन्व्हर्टरवर लावायचाच नाही, हे त्याने कधीच ठरवलेले असते. संगणकाचे ओझे कमी झाले, तर लाईन नसताना निदान अर्ज भरणे चालू राहते आणि माणूस रांगेतून परत जात नाही. टायपिंगच्या वर्गात दहा-बारा संगणक एका खोलीत असतात. जीसीसी-टीबीसी या टायपिंगच्या परीक्षेला तीस शब्दांच्या गतीसाठी बोटे चालवणाऱ्या पोरांच्या पायांशी दहा-बारा टॉवर गरम वारा सोडत असतात. तिथे लहान, थंड आणि मुकी डबी आली तर कोणाला नको आहे?

फक्त ती दुरुस्त होणारी हवी. आज संगणक सुरू झाला नाही की इथला मेकॅनिक पहिल्यांदा रॅमची पट्टी काढतो, तिच्या सोनेरी दातांवरून शाळेतले खोडरबर फिरवतो, फुंकर मारतो आणि परत बसवतो. अर्ध्या वेळा एवढ्यावर काम होते. एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा भाग, उडाला तर संध्याकाळपर्यंत दुसरा बसतो. मॅक मिनीत रॅम चिपच्याच अंगात आहे, खोडरबर लावायचे कुठे? वीजपुरवठ्याचा भागही डबीच्या आत. त्याचे चाहते याचे कौतुक करतात, कारण टेबलाखाली ॲडॅप्टरची वीट लोंबत नाही. आमचे मत नेमके उलटे आहे. व्होल्टेज वरखाली होते तिथे ती वीट बाहेरच बरी. मरायचे असेल तर ॲडॅप्टर मरावा, संगणक वाचावा, आणि ॲडॅप्टरची उष्णताही डबीबाहेर राहावी.

भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव. इथल्या कारागिराने भांडे आधी घडवले आणि चूल मागाहून पाहिली, असे कधी झाले नसेल.

इथल्या हवेत टिकणारा लहान संगणक अशक्य आहे असेही नाही. रास्पबेरी पाय ४ हा २०१९ मध्ये ३५ डॉलरपासून मिळू लागलेला, पत्त्याच्या कॅटएवढा संगणक. त्याच्या पत्रकात हवेची मर्यादा ० ते ५० अंश लिहिली आहे. कारखान्यांसाठी पंखा नसलेले, धूळबंद छोटे संगणक मिळतात, तेही पन्नास-साठ अंशांची हमी देतात. म्हणजे विद्या आहे. ती घरच्या आणि दुकानाच्या टेबलापर्यंत आणावी असे कोणाला वाटत नाही, कारण मागणारा आपली मागणी नोंदवतच नाही. शाळेची संगणक खोली असो की पंचायत समितीचे कार्यालय, खरेदीच्या कागदात प्रोसेसर लिहितात, रॅम लिहितात, हार्ड डिस्क लिहितात, मॉनिटर किती इंची ते लिहितात. 'सभोवतालचे तापमान ४८ अंश असताना सलग आठ तास चालला पाहिजे' ही एक ओळ भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, नागपूर या जिल्ह्यांनी मिळून एका वर्षाच्या निविदांत घातली, तर विक्रेते आधी हसतील, मग कंपनीला विचारतील.