ताऱ्यांवर प्रेम करावें तें कसें?

हॉलिवुडचे जुने चित्रपट आवडीनें पाहणाऱ्या विद्यार्थ्याला दोन बाजूंनीं बोल ऐकावे लागतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, "परक्या देशांतील, केव्हांच निवर्तलेल्या नटनट्यांचीं नांवें घोकून पोट का भरणार आहे?" बरोबरीचे सोबती म्हणतात, "त्या काळ्यापांढऱ्या चित्रांत पाहण्यासारखें आहे तरी काय?" एकांना हा छंद निरुपयोगी वाटतो, दुसऱ्यांना शिळा वाटतो. आमचें मत या दोहोंहून निराळें आहे. हें प्रेम वायां जाणारें नाहीं. मात्र तें डोळस असलें पाहिजे. भाबडें प्रेम चेहऱ्यापाशीं थांबतें; डोळस प्रेम त्या चेहऱ्यामागील मनुष्यापर्यंत आणि त्याच्या कामापर्यंत जाऊन पोहोंचतें. या दोहोंतील अंतर दाखवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम कामाचा विचार करूं. १९२७ सालीं 'द जॅझ सिंगर' हा चित्रपट निघाला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत अमेरिकेंत मूकपटांचा जमाना संपला. बोलपटांची अशी चलती असतां चार्ली चॅप्लिन यांनीं १९३१ सालीं 'सिटी लाइट्स' लोकांपुढें ठेवला, तो संवादांवांचून. त्यांत एक आंधळी फूलवाली एका भणंग भटक्याला श्रीमंत गृहस्थ समजते. ही गैरसमजूत एका शब्दावांचून प्रेक्षकांना पटवावयाची कशी, हा पेंच होता. तो सुटला तो असा: भटका रस्त्यांत उभ्या असलेल्या मोटारीच्या एका दारानें शिरून दुसऱ्या दारानें बाहेर पडतो आणि दार लागल्याचा आवाज ऐकून ती बिचारी फसते. पाहणाऱ्याला हें किती सहज वाटतें! परंतु हा प्रसंग मनासारखा उतरावा म्हणून चॅप्लिन यांनीं तो शेंकडों वेळां चित्रित केला. सहज दिसणाऱ्या गोष्टीमागें केवढे कष्ट असतात, हें ज्याला एकदां कळलें, तो स्वतःच्या निबंधाचा पहिला खर्डा सुद्धां निराळ्या दृष्टीनें पाहूं लागेल.

दुसरें उदाहरण १९४२ सालच्या 'कॅसाब्लांका'चें. त्यांत जर्मन अधिकारी आपलें गाणें म्हणत असतां उपाहारगृहांतील सर्व लोक उठून फ्रान्सचें राष्ट्रगीत गातात आणि तो आवाज दडपून टाकतात. हा प्रसंग आजही अंगावर कांटा आणतो. त्याचें कारण केवळ दिग्दर्शकाचें कौशल्य नव्हे. त्या वेळीं महायुद्ध चालू होतें आणि पडद्यावर नांवें झळकलेल्या नटमंडळींपैकीं अवघे तिघेच अमेरिकेंत जन्मलेले होते. डोळ्यांत पाणी आणून गाणारी मादलेन लबो ही स्वतः फ्रान्समधून निसटून आलेली तरुणी होती. जर्मन अधिकाऱ्याची भूमिका करणारे कॉनराड व्हाइट हे हिटलरची सत्ता येतांच मायदेश सोडून गेलेले नट होते. ज्यांच्यामुळें देश सुटला, त्यांचेंच सोंग त्यांना घ्यावें लागलें. हें ठाऊक नसतांनाही चित्रपट आवडतो. पण ठाऊक झाल्यावर तो नुसता आवडत नाहीं, तर मनांत घर करून राहतो.

आतां ताऱ्यांकडे वळूं. पडद्यावर राजकन्येप्रमाणें वावरणाऱ्या नट्या प्रत्यक्षांत नोकर होत्या, हें पुष्कळांच्या ध्यानींमनींही नसतें. त्या काळीं कंपन्या नटनट्यांना सात सात वर्षांच्या करारांनीं बांधून ठेवीत. एखादी भूमिका नाकारली कीं पगार बंद. शिवाय तेवढे दिवस करारांत वाढवले जात, म्हणजे सात वर्षांचीं आठ होत. 'गॉन विथ द विंड'मधील सालस मेलनी म्हणून आपण ज्यांना ओळखतों, त्या ऑलिव्हिया डी हॅव्हिलँड यांनीं १९४३ सालीं आपल्या कंपनीवर, म्हणजे वॉर्नर ब्रदर्सवर, दावा लावला. सुमारें दोन वर्षें त्यांना पडद्यापासून दूर राहावें लागलें. अखेर १९४४ च्या डिसेंबरांत कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयानें सात वर्षें म्हणजे पंचांगांतील सात वर्षेंच, असा निर्णय दिला. या निकालाचा लाभ पुढें सर्वच कलावंतांना झाला. बाई २०२० सालीं १०४ वर्षांच्या होऊन वारल्या. त्यांच्या मेलनीवर प्रेम करणाऱ्यानें त्यांच्या या धैर्यावर अधिक प्रेम करावें, असें आम्हांस वाटतें.

याहून मनाला चटका लावणारी हकीकत मर्ल ओबेरॉन यांची आहे, आणि ती आपल्या मुंबईशीं निगडित आहे. या बाई १९११ सालीं मुंबईंत जन्मल्या व त्यांचें बालपण पुढें कलकत्त्यास गेलें. १९३५ च्या 'द डार्क एंजल'साठीं ऑस्करच्या उमेदवारांत त्यांचें नांव होतें आणि १९३९ च्या 'वदरिंग हाइट्स'मध्यें त्या नायिका होत्या. एवढी कीर्ति मिळूनही आपण मुंबईच्या आहों, आपल्या मातृकुळांत सिंहली रक्त आहे, हें त्यांनीं जगाला कधीं सांगितलें नाहीं. जन्म टास्मानियांतला, अशी खोटी जन्मकथा प्रसिद्ध करण्यांत आली आणि जवळजवळ सारें आयुष्य त्या तीच सांगत राहिल्या. खरी गोष्ट लोकांपुढें आली ती त्यांच्या पश्चात्. त्यांना खोटें बोलल्याबद्दल दोष देणें सोपें आहे. परंतु ज्या धंद्यांत खरें बोलल्यास पोटावर पाय येई, त्या धंद्याला अगोदर जाब विचारला पाहिजे. चित्रपटांसाठीं १९३० सालीं जी नियमावली ठरली व १९३४ पासून कडकपणें अमलांत आली, तिच्यांत गोऱ्या व काळ्या वंशांतील प्रेमसंबंध दाखविण्यास उघड बंदी होती.

या बंदीची झळ कशी लागे, तें आना मे वाँग यांच्या उदाहरणावरून दिसून येतें. लॉस एंजलिस शहरींच जन्मलेल्या या चिनी वंशाच्या नटीला 'द गुड अर्थ' या चिनी शेतकऱ्यांवरील चित्रपटांत नायिका होतां आलें नाहीं. ती भूमिका लुइझ रायनर या युरोपीय नटीला मिळाली व तिला त्याबद्दल ऑस्करही मिळालें. हॅटी मॅक्डॅनिएल यांना 'गॉन विथ द विंड'मधील दाईच्या भूमिकेबद्दल ऑस्कर मिळालें. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णी कलावंत. परंतु १९४० च्या फेब्रुवारींत ज्या समारंभांत हा गौरव झाला, तेथेंच त्यांना आपल्या सहकाऱ्यांपासून वेगळ्या मेजावर बसविण्यांत आलें होतें.

यावर कोणी विचारील, "इतका अन्याय ज्या धंद्यांत होता, त्याच्या चित्रांवर प्रेम करावेंच कशाला?" प्रश्न रास्त आहे. आमचें उत्तर असें कीं, तीं चित्रें पाहण्याचें सोडून दिल्यानें अन्याय करणाऱ्यांचें कांहींच बिघडत नाहीं. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचें उरलेंसुरलें काम मात्र दृष्टीआड होतें. मॅक्डॅनिएलबाईंनीं त्या लहानशा भूमिकेंत जो करारीपणा ओतला, तो पाहिल्यावांचून त्यांना कोणी किती डावललें हें तरी कसें समजणार? अमेरिकेनेंच २०२२ सालीं आपल्या नाण्यावर आना मे वाँग यांची मुद्रा उमटविली. विसर पडला असता तर हा उशिराचा न्यायही त्यांच्या वांट्यास आला नसता.

आणि विसर पडणें किती सोपें आहे पाहा. १९१२ ते १९२९ या काळांत अमेरिकेंत सुमारें ११ हजार मोठे मूकपट निघाले. त्यांपैकीं मूळ स्वरूपांत टिकून राहिलेले शेंकडा १४ च, असें तेथील काँग्रेसच्या ग्रंथालयानें २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत नमूद आहे. जुनी फिल्म चटकन पेट घेणारी होती. १९३७ सालीं न्यू जर्सींतील एका कोठारास आग लागून फॉक्स कंपनीचे बहुतेक मूकपट भस्मसात् झाले. आपल्या घरीं तरी काय आहे? १९३१ सालचा आपला पहिला बोलपट 'आलम आरा' आज कोठेंही उपलब्ध नाहीं. पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें आणि पी. के. नायर यांच्यासारख्या एका चित्रवेड्या गृहस्थानें गांवोगांव हिंडून डबे गोळा केले, म्हणून दादासाहेब फाळक्यांच्या कामाचा कांहीं भाग तरी आपल्या दृष्टीस पडतो. ज्याला लोक वेड म्हणतात, त्यानेंच हा ठेवा राखला.

तेव्हां, विद्यार्थिमित्रांनो, हा छंद ज्यांना असेल त्यांनीं तो लाजून लपवूं नये. मात्र चित्रपट संपतांच उठून जाऊं नका. श्रेयनामावली शेवटपर्यंत वाचा. जें नांव अगदीं खालीं, बारीक अक्षरांत आहे, त्याचा शोध घ्या. आणि ज्याचें नांव तेथें असावयास हवें होतें पण नाहीं, त्याचीही विचारपूस करा. आकाशांतील तारे पाहणाऱ्यानें त्यांच्यामधील अंधारही पाहावा, म्हणजे त्यांच्या प्रकाशाची खरी किंमत त्याला कळेल.