जुनी मोटार आणि कामावरचा खाडा

श्रमिकांच्या साप्ताहिकाने जुन्या मोटारी कशा निवडाव्यात याची चर्चा करावी, हे काही साथींना विचित्र वाटेल. मोटार ही हौसेची वस्तू; तिचे कौतुक दैनिकांच्या रविवार पुरवण्यांनी करावे, आपण ऊसदर, वीजदर आणि वेतनवाढ यांकडे लक्ष द्यावे, असा आपल्याकडील जुना संकेत आहे. तो मला मान्य नाही. सोलापुरात सात-आठ वर्षे वापरलेली मोटार कर्ज काढून घेणारा माणूस बहुधा हौसेने ती घेत नाही. चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीतला पर्यवेक्षक, मोहोळ किंवा अक्कलकोट तालुक्यातील शाळेवर रोज जाणारी शिक्षिका, रात्रपाळी संपवून घरी परतणारी परिचारिका, हे त्या मोटारीचे गिऱ्हाईक आहे. कामावर वेळेवर पोहोचण्याचा दुसरा मार्ग उरला नाही, म्हणून ते मोटार घेतात. हा उपभोगाचा खर्च नव्हे. वेतन मिळविण्यासाठी वेतनातूनच करावा लागणारा खर्च आहे. आणि जो खर्च वेतनाला कात्री लावतो, तो आपल्या विचाराचा विषय असलाच पाहिजे.

हा खर्च पूर्वी नव्हता. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली, तिच्यामागून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या आल्या आणि कामगारांच्या वस्त्या त्यांच्या आसऱ्याने वाढल्या. भोंगा झाला की माणूस घरातून निघे आणि पायीच खात्यात पोहोचे. गिरण्या बंद पडल्या, काम अक्कलकोट रस्त्यावरील यंत्रमागांकडे आणि पुणे रस्त्यावर चिंचोळीकडे सरकले. घरे मात्र आणखी निराळ्या दिशांना गेली. कुंभारीचेच उदाहरण घ्या. २००६ साली तेथे विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. त्यानंतर कॉ. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील दीर्घ लढ्यातून रे नगर उभे राहिले. असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांची ही योजना, आणि त्यांपैकी १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी हस्तांतरित झाली. या लढ्याचे मोल कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. परंतु घर शहराबाहेर मिळाले की कामावर जाण्याचे अंतर त्याबरोबर पदरात पडते, आणि त्या अंतराचे भाडे कोणी द्यायचे हे कोणत्याही योजनेत लिहिलेले नसते.

ते महापालिकेच्या परिवहन उपक्रमाने द्यावे, अशी अपेक्षा होती. तिचे काय झाले हे सोलापूरकरांना सांगण्याची गरज नाही. नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानातून आलेल्या बसगाड्यांपैकी अनेक गाड्यांच्या चेसींना तडे गेले, आणि धावण्यासाठी आणलेल्या गाड्या आगारात उभ्या राहिल्या. शहर वाढत गेले, बस आटत गेली. रे नगरातली बाई अर्थात मोटार घेत नाही. ती रिक्षात दाटीवाटीने सहावी बसते. तिच्याहून एक पायरी वर असलेला माणूस दुचाकी घेतो, आणि दोन मुले व एक अपघात पाठीशी असलेला माणूस जुन्या मोटारीच्या बाजारात पाऊल टाकतो.

हा बाजार कसा चालतो, हे जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० सालच्या एका निबंधात दाखवून दिले. तीन नियतकालिकांनी तो निबंध परत पाठविला होता. पुढे २००१ साली त्याच विचारासाठी त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. अमेरिकेत फसव्या मोटारीला बोलीभाषेत लिंबू म्हणतात. (आपण लिंबू मोटारीला बाहेरून बांधतो, त्यांच्याकडे ते आतून निघते.) अकरलॉफ यांचा मुद्दा असा: मोटारीतले दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. घेणारा धोका गृहीत धरून सरासरी भाव देऊ करतो. त्या भावात चांगली मोटार विकणे मालकाला परवडत नाही, म्हणून तो बाजारातून अंग काढून घेतो. उरलेल्या मोटारींची प्रत घसरते, त्यामुळे भाव आणखी उतरतो, आणि आणखी काही चांगल्या मोटारी बाहेर पडतात. येथे कोणी विशेष दुष्ट असण्याची आवश्यकता नाही. खुल्या बाजारात ज्ञान विषम वाटलेले असले, तर प्रामाणिक माल आपोआप हाकलला जातो. ‘बाजार स्वतःला सुधारतो’ असे सांगणाऱ्यांनी एखाद्या रविवारी जुन्या मोटारींच्या कोणत्याही अड्ड्यावर तासभर उभे राहावे.

तेव्हा पहिला प्रश्न ज्ञानाचा आहे, आणि त्यात सर्वांत मोठी गफलत होते ती ‘ॲव्हरेज किती देते?’ या प्रश्नाने. हिशेब मांडू. येऊन-जाऊन ३६ किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ९०० किलोमीटर. लिटरला १८ किलोमीटर देणारी मोटार ५० लिटर पेट्रोल पिईल; लिटरचा भाव १०५ रुपये धरला तर ५,२५० रुपये. २२ किलोमीटर देणारी मोटार ४१ लिटरांत भागवील. फरक महिन्याला साडेनऊशे रुपयांचा, वर्षाला साडेअकरा हजारांच्या आत. आता या चार किलोमीटरांसाठी दलाल ६०,००० रुपये जास्त मागत असेल, तर ते वसूल व्हायला पाच वर्षांहून अधिक काळ लागेल. त्यात कर्जाचे व्याज धरलेले नाही, आणि जुन्या मोटारीच्या कर्जावर व्याज नव्या मोटारीपेक्षा चढेच असते. उलट, मोटार वर्षातून चार वेळा रस्त्यात उभी राहिली, तर चार खाडे पडतात, ओढून नेण्याचे भाडे पडते, एखादा क्लच किंवा रेडिएटर बदलावा लागतो आणि तेलातली सगळी बचत त्या एका फटक्यात जाते. महिन्याच्या पगारावरच्या माणसाला खाडा रजेत बसविता येतो; रोजंदारीवरच्याला नाही. म्हणून वेतनावर जगणाऱ्याने भरवसा आधी पाहावा, तेल मागून. तेलात खरी बचत करावयाची असेल, तर एकाच पाळीच्या चौघांनी एका मोटारीतून जावे. माणशी तेराशे रुपये पडतात. इतकी बचत कोणतेही इंजिन देत नाही.

भरवशाची मोटार म्हणजे कोणती? जिचे सुटे भाग सोलापुरात मिळतात आणि जी उघडायला कोपऱ्यावरचा मेस्त्री कचरत नाही, ती. या कसोटीवर मारुतीची ऑल्टो किंवा वॅगन आर, ह्युंदाईची सँट्रो किंवा आय-टेन अशा सामान्य मोटारी दिमाखदार मोटारींना मागे टाकतात. जनरल मोटर्सने २०१७ साली भारतातील विक्री थांबविली, फोर्डने २०२१ साली येथील उत्पादन आवरते घेतले. त्यांच्या जुन्या मोटारी म्हणूनच स्वस्त मिळतात आणि म्हणूनच घेऊ नयेत. जनरल मोटर्सच्या तळेगावच्या कारखान्यातले उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले, तेव्हा तेथील कामगारांना नोकरीसाठी झगडावे लागले. भांडवल निघून गेले की उघड्यावर पडतो तो मोटार बनविणाराही आणि ती विकत घेणाराही. डिझेलचा मोह रोजच्या छोट्या अंतरासाठी टाळावा. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल मोटारींतली धुराची गाळणी थोड्या अंतराच्या, संथ वाहतुकीतल्या फेऱ्यांत तुंबते आणि तिची दुरुस्ती महाग असते. सीएनजी घ्यावयाची तर कारखान्यातूनच बसवून आलेली घ्यावी, आणि टाकीच्या दर तीन वर्षांनी होणाऱ्या चाचणीचा दाखला मागावा.

मोटार पाहावयास सकाळी, इंजिन थंड असताना जावे. मालकाने आधीच चालू करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी जावे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. रेडिएटरमध्ये शीतद्रवाऐवजी गंजलेले पाणी दिसले, तर सोलापूरच्या मे महिन्यात ती मोटार काय करील हे वेगळे सांगायला नको. किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. आकडा मागे फिरविता येतो, पण ब्रेकच्या पायटाचे झिजलेले रबर आणि गुळगुळीत झालेले स्टिअरिंग परत नवे दिसत नाही. टायरवर चार अंक असतात, पहिले दोन आठवड्याचे व शेवटचे दोन वर्षाचे. चार वर्षांच्या मोटारीला नऊ वर्षांचे टायर कसे, हे विचारावे. शिवाय पूर. २०१९ आणि २०२१ साली कोल्हापूर-सांगलीत, सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात सीनाकाठी, मोटारी पाण्यात गेल्या. त्या नाहीशा होत नाहीत, धुऊन-पुसून दूरच्या बाजारात येतात. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. चिखलाची रेघ तेथे राहते. सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवरचा गंज आणि बंद मोटारीतला कुबट वासही खोटे बोलत नाहीत.

तेलाचा आणखी एक हिशेब असा आहे की तो कोणताही मेस्त्री दुरुस्त करू शकत नाही. २०२५ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक मोटारी या मिश्रणासाठी बनविलेल्याच नव्हत्या. नीती आयोगाच्याच २०२१ सालच्या अहवालाने जुन्या रचनेच्या चारचाकींमध्ये सहा ते सात टक्के इंधन अधिक लागेल, असा अंदाज दिला होता. आपल्या पन्नास लिटरांवर तो साडेतीनशे रुपयांच्या घरात जातो. जुन्या रबरी नळ्यांचे जे होईल ते वेगळेच. पंपावर निवड नाही आणि भावात सवलत नाही. तीसहून अधिक साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात इथेनॉलला विरोध करा, असे मी म्हणणार नाही. उसाला दुसरी बाजारपेठ मिळते, परकीय चलन वाचते, हे खरेच. परंतु नवी मोटार घेऊ शकणारा या धोरणाच्या झळेतून सुटतो आणि जुनी घेणारा त्याचा भार उचलतो, ही वाटणी कोणी ठरविली? ऊस उत्पादकाचा हितकर्ता आणि कामगाराचा हितकर्ता एकाच पक्षात असतील, तर हा प्रश्न त्या पक्षाने टाळता कामा नये. करांचेही तेच. डिसेंबर २०२४ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने लहान जुन्या मोटारींवरील, व्यापाऱ्याच्या नफ्यावर बसणारा कर १२ वरून १८ टक्के केला. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या लहान मोटारींवरील कर २८ वरून १८ वर आणला. यातून गिऱ्हाइकाने एवढा तरी लाभ उठवावा की जुन्या मोटारीचा भाव ठरविताना नव्या मोटारीची आजची, उतरलेली किंमत दलालापुढे ठेवावी. आणि व्यापारी मध्ये न घेता मालकाकडून थेट घेतल्यास हा कर लागत नाही.

कागदपत्रांत आपली माणसे सर्वांत अधिक फसतात. सीमेपलीकडच्या विजयपूर, कलबुर्गीकडच्या मोटारी येथे स्वस्त दिसतात. परंतु तेथील परिवहन कार्यालयाचे नाहरकत पत्र आणि महाराष्ट्राचा वाहन कर मिळविला की स्वस्ताई पुष्कळशी विरते. नोंदणी पुस्तकावर बँकेचे नाव असेल, तर ते उतरविल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पंधरा वर्षे पूर्ण होत आलेली मोटार फुकट मिळाली तरी विचार करावा. पुनर्नोंदणीचे शुल्क २०२२ साली ६०० वरून ५,००० रुपये झाले, त्यावर पर्यावरण कर आणि तंदुरुस्तीची तपासणी. ‘नाव नंतर बदलू’ असे म्हणणाऱ्या विक्रेत्याने तर स्वतःचीच काळजी करावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे की नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. मोटार दहा हातांतून फिरली असली तरी.

एवढे सगळे एकट्या माणसाने, कामावरून थकून आल्यावर, दलालाच्या घाईत तपासावे ही अपेक्षा अवाजवी आहे. अकरलॉफ यांच्या निबंधातच यावरचा उपाय सूचित आहे: हमी आणि नावलौकिक देणारी एखादी संस्था मध्ये उभी राहिली, तर चांगला माल बाजारात टिकतो. ती संस्था मोठ्या शहरांत कंपन्या चालवितात आणि तिचे मोल भरपूर घेतात. सोलापुरात कामगार संघटनेने ती का चालवू नये? आपल्या सभासदांत मेस्त्री आहेत. दोन विश्वासू मेस्त्री, ठरलेली तपासणी फी, तपासलेल्या प्रत्येक मोटारीची नोंद असलेली एक वही, आणि सभासदांनी आपसांत विकताना ती वही दाखविण्याचा शिरस्ता, एवढ्याने सुरुवात होते. ज्या शहरात यंत्रमाग आणि सूतगिरण्या सहकाराने चालल्या, तेथे ही एक वही जड जाऊ नये.

या वहीने बस येणार नाही, हे मला ठाऊक आहे. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केलेल्या ई-बस योजनेत सोलापूरचे नाव आहे. त्या गाड्यांची संख्या आणि रंग यांविषयी पुष्कळ बोलले गेले. आपल्या कार्यकर्त्यांनी परिवहन समितीपुढे वेळापत्रक मागावे: कुंभारीहून पहिल्या पाळीच्या आधी किती फेऱ्या, चिंचोळीहून दुसरी पाळी सुटल्यावर शेवटची बस किती वाजता, आणि महिन्याचा पास किती रुपयांना.