पिस्तुलाची लांबी मोजायची की धरणारा माणूस?

पोस्ट लांब आहे. ऊस, पाणी, कारखान्याची बिलं यावर आपण रोज बोलतो, आज जरा वेगळ्या विषयावर. पिस्तुलावर. गावगुंडाच्या नाही, खेळाडूच्या पिस्तुलावर. पण एकाबद्दल बोलायला गेलं की दुसरा आपोआप मधे येतोच, म्हणून दोघांबद्दल लिहितो.

सुरुवात थोडी लांबून करतो, ब्रिटनपासून.

१३ मार्च १९९६. स्कॉटलंडमधलं डनब्लेन नावाचं छोटं गाव. एक माणूस प्राथमिक शाळेत शिरला आणि त्यानं १६ लहान मुलं आणि त्यांच्या बाई मारल्या. त्याच्याकडची सगळी पिस्तुलं परवान्याची होती. त्याच्या वागण्याबद्दल आधी तक्रारी झाल्या होत्या, पोलिसांना त्या माहीत होत्या, तरी परवान्याचं नूतनीकरण होत राहिलं. देश हादरला. १९९७ साली एका वर्षात दोन कायदे झाले. पहिल्यात मोठ्या बोअरची पिस्तुलं गेली, दुसऱ्यात पॉइंट टू टू सुद्धा. लोकांनी दीड लाखाहून जास्त हत्यारं सरकारजमा केली आणि भरपाई घेतली.

आता यातली गंमत बघा. कायद्यानं बंदी 'पिस्तूल' या शब्दावर ठेवली नाही. त्यानं मापं दिली. नळी ३० सेंटिमीटरपेक्षा कमी किंवा एकूण लांबी ६० सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर बंदी. मग तिथल्या नेमबाजांनी आणि कारागिरांनी काय केलं असेल? त्याच पिस्तुलाला फूटभर लांब नळी लावली आणि मुठीच्या मागं एक दांडा पक्का बसवला. झालं ६० सेंटिमीटर! याला तिकडं 'लाँग बॅरल पिस्तूल' म्हणतात आणि ते पूर्ण कायदेशीर आहे. अर्थात पोलिसांचा परवाना लागतो, मान्यताप्राप्त क्लबचं सभासदत्व लागतं, घरी पक्कं लोखंडी कपाट लागतं, पोलीस घरी येऊन बघून जातात. पण मागचा दांडा काढला आणि लांबी कमी भरली, तर तेच हत्यार बंदीच्या यादीत. आणि बंदीचं हत्यार सापडलं तर प्रौढ माणसाला साधारणपणे किमान पाच वर्षांची कैद. म्हणजे वस्तू तीच, माणूस तोच. दांडा आहे तोवर खेळाडू, दांडा निघाला की गुन्हेगार.

आणखी पुढं ऐका. हे लांबलचक पिस्तूल घेऊन ऑलिंपिकला जाता येत नाही. तिथल्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात हत्यार ३० बाय १५ बाय ५ सेंटिमीटरच्या पेटीत बसावं लागतं आणि नळी १५३ मिलिमीटरच्या वर चालत नाही. म्हणजे देशाच्या कायद्याला ६० सेंटिमीटरचं पाहिजे आणि खेळाच्या कायद्याला ३० च्या आतलं. ब्रिटनच्या पिस्तूल नेमबाजांना सरावासाठी परदेशात जावं लागायचं. २०१२ च्या ऑलिंपिकचं यजमानपद लंडनकडं आलं तेव्हा सरकारला मोजक्या खेळाडूंसाठी खास परवानगीची वाट काढावी लागली.

कुणी म्हणेल, काय मूर्खपणा आहे! मी तसं म्हणणार नाही. ज्या गावानं १६ लेकरं पुरली, त्यानं 'आम्हाला हे हत्यार नकोच' म्हणणं समजू शकतं. शाळेतलं तसं हत्याकांड ब्रिटनमध्ये पुन्हा झालं नाही, हेही खरं. पण २०२१ साली प्लिमथमध्ये एकानं परवान्याच्या शॉटगननं पाच जणांना मारलं. ती बंदूक पोलिसांनी आधी जप्त केली होती आणि परत दिली होती. तिथंही प्रश्न नळीच्या लांबीचा नव्हता. माणूस नीट तपासला गेला नव्हता.

आता या आपल्या घरात.

आपल्याकडं १९५९ चा शस्त्र कायदा आहे. त्यातही लांबी आहे बरं का! कलम १३ सांगतं की संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची साधी बंदूक, पीक राखायला ठासणीची बंदूक, आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला नेमबाजीसाठी पॉइंट टू टू रायफल किंवा एअर रायफल असेल, तर अधिकाऱ्यानं परवाना द्यायचा. बाकी कशालाही 'सबळ कारण' दाखवायचं आणि अधिकाऱ्याची खात्री पटवायची. पिस्तूल या 'बाकी'मध्ये येतं. म्हणजे रायफलवाल्या खेळाडूला कायदा दार उघडून देतो आणि पिस्तूलवाल्याला दारात उभा करून विचारतो, 'काय काम आहे?'

समजा आपल्या पिंपळीतल्या, काटेवाडीतल्या किंवा तिकडं भवानीनगरच्या बाजूच्या एखाद्या चौदा वर्षांच्या पोरीला पिस्तूल नेमबाजी करायची आहे. मनू भाकरला पॅरिसमध्ये दोन पदकं घेताना तिनं टीव्हीवर बघितलंय. तिची वाट कशी असेल?

पहिली पायरी सोपी. दहा मीटरचं एअर पिस्तूल. साडेचार मिलिमीटरचा छर्रा आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असेल तर शस्त्र परवाना लागत नाही. पण स्पर्धेच्या दर्जाचं पिस्तूल लाखाच्या पुढं जातं आणि सरावाची चांगली रेंज बालेवाडीला, म्हणजे शंभरेक किलोमीटरवर. शाळा करून, एसटीनं जाऊन-येऊन सराव होईल का, तुम्हीच सांगा.

दुसरी पायरी २५ मीटरची, पॉइंट टू टू पिस्तुलाची. हे खरं अग्निशस्त्र. स्वतःच्या नावावर हवं तर वयाची २१ वर्षं पूर्ण पाहिजेत. त्याखालच्या मुलांना सरावासाठी नियमांत वेगळी वाट आहे, ती क्लबमधून जाते. क्लबचं हत्यार, रेंजवर, प्रशिक्षकाच्या नजरेखाली. क्लब पुण्यात. पोरगी पिंपळीत.

तिसरी पायरी स्वतःचं पिस्तूल. अर्ज ऑनलाइन भरायचा, ग्रामीण भाग असल्यानं तो जिल्हाधिकाऱ्यांकडं जातो, मग ग्रामीण पोलिसांची चौकशी. २०१६ च्या नियमांत पोलिसांना अहवालासाठी ३० दिवस आणि त्यानंतर अधिकाऱ्याला निर्णयासाठी ६० दिवस ठरवून दिलेत. कागदावर तीन महिने. कागदाबाहेर किती लागतात, हे ज्यांनी कुठलाही सरकारी दाखला काढलाय त्यांना सांगायची गरज नाही.

चांगलं पिस्तूल परदेशी बनावटीचं. ते आणायची सवलत मिळते 'नामवंत नेमबाज' या दर्जाच्या खेळाडूला. तो दर्जा मिळतो राष्ट्रीय स्पर्धेत ठरावीक गुण मारल्यावर. गुण पडायला चांगलं हत्यार लागतं आणि चांगलं हत्यार मिळायला गुण. आधी लगीन की आधी मांडव?

आपल्या सरकारनं एक गोष्ट चांगली केली, ती मान्य केली पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीनं सामान्य माणसाची मर्यादा तीन हत्यारांवरून दोनवर आणली. पण २०२० च्या सुरुवातीला अधिसूचना काढून नेमबाजांची मर्यादा उलट वाढवली. तीन किंवा जास्त प्रकारांत नामवंत असलेल्याला बारापर्यंत हत्यारं ठेवता येतात. म्हणजे खेळाडू वेगळा आणि शौकीन वेगळा, हे कायद्यानं ओळखलं. ब्रिटनला हे जमलं नाही, आपल्याला कागदावर तरी जमलं.

मग अडतंय कुठं? अडतंय ते दुसऱ्याच रांगेत.

आपल्या भागात 'पिस्तुलाचा परवाना आहे' हे वाक्य कशासाठी बोललं जातं? खेळासाठी? राव, शंभरात एखादा. बाकी सगळी शान. जमिनीला भाव आला, प्लॉटिंग झालं, हातात पैसा आला. मग फॉर्च्युनर आणि मग कमरेला पिस्तूल. शर्ट जरा वर खोचलेला, म्हणजे लोकांना दिसावं. अर्जात कारण 'जिवाला धोका'. धोका कुणापासून, ते गावात कुणालाच माहीत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, त्यानंतर त्या एका जिल्ह्यात हजाराच्या वर शस्त्र परवाने असल्याचं राज्यानं बघितलं. मग छाननी झाली आणि बरेच परवाने रद्द झाले. प्रश्न एवढाच की ते दिले कुणी? कायद्यात तर पोलीस अहवाल आहे, सबळ कारण आहे, आणि नकार देताना कारण लिहून ठेवायचं बंधनही आहे. माणूस तपासायची सगळी सोय कायद्यात आहे. ती वापरायची नसेल तर फूटपट्टी आणा नाही तर वजनकाटा, काय फरक पडणार?

आणि याचा तोटा कुणाला होतो? खऱ्या खेळाडूला. कारण एखादं प्रकरण पेपरात गाजलं की साहेब लोक सगळेच अर्ज बाजूला ठेवतात. शान मारणाऱ्याच्या पाठीमागं कुणीतरी फोन करणारा असतो, त्याचं निघतं. पोरीच्या बापाच्या मागं कोण? त्याच्याकडं स्पर्धेची प्रमाणपत्रं असतात, फोन नसतो.

निवडणुकीतही तेच. आचारसंहिता लागली की हत्यारं जमा. खरं तर मुंबई उच्च न्यायालयानं २००९ सालीच गोव्यातल्या एका प्रकरणात सांगितलंय की सरसकट सगळ्यांची हत्यारं जमा करू नका, छाननी समितीनं प्रत्येकाचा वेगळा विचार करावा. स्पर्धेत भाग घेणाऱ्या नेमबाजांना सूट देण्याचीही पद्धत आहे. पण ठाण्यात गेल्यावर ही गोष्ट खेळाडूनंच समजावून सांगायची असेल, तर बघा म्हणजे.

कुणी विचारेल, गावातल्या पोरांना नेमबाजी कशाला? कुस्ती, कबड्डी आहे की! आहेच. पण १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्य जिंकलेला स्वप्नील कुसाळे कुठला? राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि ते एका खेड्यातल्या पोरानं आणलं. २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेती झालेली तेजस्विनी सावंत कोल्हापूरची. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेणारी राही सरनोबत कोल्हापूरची. कोल्हापूरकडं जे पाणी आहे, ते नीरा-भीमेकडं नाही का?

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात मांडतो.

एक, बारामती आणि इंदापूर दोन्ही तालुक्यांत दहा मीटरची एअर रेंज व्हावी. लांबी दहा मीटर, एखादा बंद हॉल पुरतो. परवान्याचा प्रश्न नाही, फक्त मुलांच्या उंचीची भिंत, छर्रे अडवायची सोय, पाच-सहा पिस्तुलं आणि एक चांगला प्रशिक्षक. आमच्या भागात संस्था, कारखाने, पतसंस्था कमी नाहीत. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर जातो त्यातला थोडा पैसा इकडं वळवला तरी पुष्कळ.

दोन, खेळाडूंचे अर्ज वेगळ्या रांगेत घ्या आणि नियमातली मुदत पाळा. क्लबचं सभासदत्व आणि स्पर्धेतले गुण हेच पिस्तुलासाठीही 'सबळ कारण' धरा. नकार द्यायचा तर जरूर द्या, पण कारण लिहून, वेळेत.

तीन, पहिली काही वर्षं हत्यार घरी नको, रेंजच्या तिजोरीतच राहू द्या. खेळाडूंना हे गैरसोयीचं वाटेल, मला माहीत आहे. पण घरात लहान पोरं असतात, भाऊबंदकी असते, बांधाची भांडणं असतात. रागाच्या भरात हाताशी कोयता असणं वेगळं आणि पिस्तूल असणं वेगळं.

चार, 'जिवाला धोका' म्हणून दिलेल्या परवान्यांचा तालुकावार आकडा दरवर्षी जाहीर करा आणि नूतनीकरणाच्या वेळी धोका अजून आहे का ते विचारा. लग्नात, मिरवणुकीत बेदरकार गोळीबार केला तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. रीलमध्ये पिस्तूल मिरवणाऱ्याचा परवाना दुसऱ्या दिवशी गेला पाहिजे.

ब्रिटननं नळी मोजली आणि खेळाडूच्या पिस्तुलाला शेपूट लावून ठेवलं. आपण माणूस मोजायचा कायदा केला आणि माणसाऐवजी त्याची ओळख मोजत बसलो. दोन्हीकडं भरडला तो खेळाडूच.

या विषयावर ज्यांचा अभ्यास आहे, जे स्वतः नेमबाजी करतात किंवा ज्यांची मुलं करतात, त्यांनी खाली जरूर लिहा. रेंजसाठी ग्रामसभेत ठराव मांडायचा विचार आहे. पिंपळी आणि आसपासच्या गावांतल्या ज्यांना सोबत यायचंय, त्यांनी सांगा. 'परवाना कसा काढायचा, ओळख आहे का' असं विचारणाऱ्यांनी मात्र कृपा करून मेसेज करू नये.