मराठी गाणी खरेच उतरणीला लागली का? वऱ्हाडातून एक उलटतपासणी

१/ अकोल्यातील एका वरातीत ‘झिंगाट’ सुरू झाले आणि शेजारचे काका म्हणाले, “आमच्या जमान्यात गाणी होती बाप्पा, आता नुसता गलका हाये.” हे विधान आपण सर्वांनीच कधी ना कधी ऐकले आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्याला दोन प्रश्न विचारावेत. तो जमाना नेमका कोणता? आणि त्या जमान्यातील जाणकार स्वतःच्या काळाविषयी काय म्हणत होते?

२/ १९५०चे दशक घ्या. आज त्याला हिंदी चित्रपटसंगीताचे सुवर्णयुग म्हणतात. त्याच काळात केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री असलेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी गृहस्थांना ही गाणी अभिरुचिहीन वाटत. १९५२ नंतर आकाशवाणीवरून ती जवळजवळ नाहीशी झाली. श्रोते मात्र रेडिओ सिलोनकडे वळले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारलाच ‘विविध भारती’ सुरू करावी लागली.

३/ इंग्लंडचीही हीच कथा. १९६५ मध्ये बीटल्सना राजसन्मान जाहीर झाला, तेव्हा पूर्वीच्या काही मानकऱ्यांनी आपली पदके निषेधार्थ परत केली. आज तेच बीटल्स तेथील जुन्या, चांगल्या संगीताचे प्रमाण मानले जातात.

४/ असे का होते? काळ हा चाळणीसारखा असतो. त्या दशकांतील सुमार गाणी विस्मृतीत गेली; उरलेली निवडक गाणी आपण पुन्हापुन्हा ऐकतो. आजची गाणी मात्र अजून चाळायची आहेत. चाळलेल्या धान्याची तुलना खळ्यातल्या राशीशी करणे हा न्याय नव्हे.

५/ पण दुसऱ्या पक्षाचा एक पुरावा भक्कम आहे, आणि तो वऱ्हाडातलाच आहे. मेहकरचे ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी गायली आणि मराठी भावगीताच्या आरंभकाळात ती घरोघरी पोहोचली. अकोल्याच्या विठ्ठल वाघांची तिफणीवरची कविता ‘अरे संसार संसार’ या १९८१च्या चित्रपटात गेली. अमरावतीच्या सुरेश भटांचे शब्द १९८२च्या ‘उंबरठा’त लता मंगेशकरांच्या स्वरात उमटले. कवितेपासून गाण्यापर्यंत एक रुळलेली वाट होती. ती आज अरुंद झाली आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

६/ मात्र ही वाट केवळ प्रतिभेने तयार झाली नव्हती. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीने ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्याकडून आठवड्याला एक याप्रमाणे ‘गीतरामायणा’ची ५६ गीते करवून घेतली. कवीला वर्षभर काम देणारी संस्था तेथे उभी होती. कमी झाला आहे तो हा आश्रय; प्रतिभा आटली, असे त्यावरून सिद्ध होत नाही. ‘सैराट’च्या (२०१६) गाण्यांसाठी अजय-अतुल यांनी अमेरिकेत पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. तिथवर पोहोचणाऱ्या महत्त्वाकांक्षेला उतरण कसे म्हणावे?

७/ माझ्या मते खरी हानी निराळीच आहे, आणि ‘जुने की नवे’ या वादात तिच्याकडे लक्षच जात नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनात गावच्या गाव सूर धरीत असे. कोजागरीपर्यंत मुली घरोघरी भुलाबाईची गाणी म्हणत आणि डब्यातला खाऊ ओळखत. त्या गाण्यांचा दर्जा कोणी मोजला नाही, कारण गाणारे आणि ऐकणारे वेगळे नव्हतेच. आता आपण बहुतांशी केवळ श्रोते आहोत. ध्वनिवर्धकावर गाणे कोणत्याही दशकातले लावा, आपले तोंड बंदच असते.

८/ म्हणून काकांना माझे उत्तर असे: गाणी बिघडलेली नाहीत, गाणारे कमी झाले आहेत. ध्वनिमुद्रिकेवरचे गाणे चाळणीतून तरी जाते. भुलाबाईचे गाणे मात्र म्हणणारी आजी गेली की तिच्याबरोबरच जाते. आपल्या घरी अशी आजी असेल, तर या सुट्टीत भ्रमणध्वनी तिच्यापुढे ठेवा, गाव आणि साल नोंदवा, आणि तिच्या मागे एक कडवे स्वतः म्हणा. उद्याच्या अभ्यासकासाठी तेच अस्सल साधन ठरेल.