धूर फक्त चंद्रपूरलाच आहे काय?

आपल्या अहेरी तालुक्यात खूप जंगल आहे. साग, मोह, तेंदू, बांबू सगळे आहे. म्हणून लोक म्हणतात, आपली हवा चांगली आणि चंद्रपूरची हवा खराब. चंद्रपूरची गोष्ट खरी आहे. तिथे कोळशाच्या खाणी आहेत आणि कोळसा जाळून वीज तयार करणारे मोठे केंद्र आहे. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातले ८८ औद्योगिक भाग तपासले. त्यात प्रदूषणात चंद्रपूरचा चौथा नंबर आला. शाळेत चौथा नंबर आला तर घरचे खूश होतात, पण हा नंबर वाईट आहे.

आपला गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. पण जिल्हा वेगळा झाला म्हणून आपण धुरातून सुटलो नाही. माझे मत असे आहे की, धूर आपल्या गावातही आहे. तो आपल्या चुलीपाशी आहे.

ओली लाकडे चुलीत घातली की घरभर धूर होतो. माय फुंकणीने फुंकते, तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी येते. लहान बाळ तिच्या मांडीवर असते. लहान मुले मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेतात, म्हणून त्यांच्या छातीत धूर जास्त जातो. धुरात फार बारीक कण असतात. ते आपल्या केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे किंवा त्याहून बारीक असतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. त्यामुळे खोकला, दमा, न्यूमोनिया असे आजार होतात. मोतीबिंदूही होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की, २०२० साली घरातल्या धुरामुळे जगात ३२ लाख माणसे दगावली. त्यात पाच वर्षांखालची दोन लाखांहून जास्त बाळे होती.

सरकारने २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू केली. पुष्कळ घरी गॅस आला. पण सिलिंडर महाग पडतो. म्हणून काही जण पाहुणे आले की गॅस पेटवतात आणि रोजचा सैपाक चुलीवर करतात. पाहुण्याला चहा लवकर मिळतो आणि मायला रोज धूर मिळतो, हे काही बरोबर नाही.

आजी म्हणते, "धुराने मच्छर पळतात." ते थोडे खरे आहे. आपल्याकडे मलेरिया होतो. पण मच्छरासाठी मच्छरदाणी आहे. ती पेटीत ठेवू नये, रोज लावावी.

दुसरा धूर जंगलातला. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पडतात. फुले नीट दिसावी म्हणून काही लोक झाडाखालचा पाला जाळतात. वारा आला की आग जंगलात पसरते. लहान रोपे जळतात आणि धूर गावात येतो. पाला जाळण्यापेक्षा झाडून बाजूला करावा. झाडाखाली जाळी किंवा जुने लुगडे अंथरले तर फुले मातीतही पडत नाहीत.

सगळ्यांना गॅस परवडणार नाही, हे मला माहीत आहे. पण लाकडे पावसाळ्याआधी वाळवून ठेवता येतात. चुलीवर धुराडे बसवता येते. सैपाक करताना दार-खिडकी उघडी ठेवता येते. बाळाला चुलीपासून दूर बसवता येते. वर्गमित्रांनो, ते काम आपण करू शकतो. बाळाला आपण खेळवू, मग माय लवकर सैपाक करील.

खोकला झाला की औषध आणायचे आणि धूर तसाच ठेवायचा, हे मला पटत नाही. पालकांनो, घरी गेल्यावर चुलीमागच्या भिंतीला हात लावून पाहा. हात काळा झाला तर समजा, तीच काजळी आपल्या छातीतही जाते. भिंत पोताऱ्याने सारवता येते, छाती सारवता येत नाही.

— वर्ग ४ था