घरगुती खरेदी : दूरचित्रवाणीसंच

नवीन दूरचित्रवाणीसंच घेऊं इच्छिणाऱ्या गृहस्थांस दुकानदार प्रथम जो शब्द ऐकवितो तो ‘फोर-के’ हा होय. त्याचा अर्थ इतकाच कीं, त्या पडद्यावर सुमारें ८३ लक्ष चित्रबिंदु असतात. ‘फुल एचडी’ संचांत ते सुमारें २१ लक्ष असतात. बिंदु चौपट म्हणून चित्रहि चौपट चांगलें, असें मात्र समजूं नये. अंशाच्या साठाव्या भागाहून बारीक भेद निरोगी दृष्टीसहि सहसा ओळखतां येत नाहीं. या हिशेबानें ४३ इंची पडद्यापासून सुमारें साडेपांच फुटांपलीकडे बसणारास हा फरक बहुधा दिसतच नाहीं; आणि आजोबांची आरामखुर्ची तर बहुधा त्याहूनहि दूर असते.

खरी उणीव असते ती आवाजाची. संच पातळ झाल्यामुळें ध्वनिवर्धकास जागा अपुरी पडते, व पुष्कळदां त्याचें तोंड खालीं किंवा मागें असतें. वार्धक्यांत प्रथम उंच स्वर ऐकूं येईनासे होतात आणि कित्येक व्यंजनें त्यांवरच ओळखावयाचीं असतात. म्हणून आवाज वाढविला तरी शब्द उमगत नाहींत. मुलांचा अभ्यास मात्र बुडतो, आणि वडील मंडळी मुकाट्यानें उठून जातात.

सबब आमची वाचकांस अशी सूचना आहे कीं, बैठकीपासून भिंतीपर्यंतचें अंतर आधीं मोजावें. दुकानांत भडक रंगांची योजना बंद करवून बातम्या लावावयास सांगाव्या. आणि घरांतील वडिलांस बरोबर न्यावें. त्यांस निवेदन स्पष्ट ऐकूं आल्यावांचून पैसे मोजूं नयेत. ‘फोर-के’साठीं जादा पडणारी रक्कम वेगळ्या साउंडबारकडे लावल्यास ती अधिक सार्थकीं लागेल.