घरी परतल्यानंतरचा महिना

दीर्घकालीन श्वसनरोगाचा, म्हणजेच सीओपीडीचा रुग्ण रुग्णालयातून घरी आला की कुटुंबीय निर्धास्त होतात. वस्तुतः खऱ्या दक्षतेचा काळ तेव्हाच सुरू होतो. अमेरिकेत अशा रुग्णांपैकी साधारणतः पाचांतील एक जण तीस दिवसांच्या आत पुन्हा दाखल होतो. म्हणूनच तेथील मेडिकेअर योजनेने ऑक्टोबर २०१४ पासून, ज्या रुग्णालयांत हे प्रमाण अपेक्षेहून अधिक, त्यांच्या देयकात कपात सुरू केली.

असे का घडते? धाप कमी झाली तरी श्वासनलिकांचा दाह ओसरण्यास काही आठवडे लागतात. अंथरुणावरील दिवसांत स्नायूही क्षीण झालेले असतात. त्यात औषध फुप्फुसांपर्यंत पोहोचतच नसेल, तर दुसरा झटका दूर नसतो.

म्हणून प्रथम इनहेलर पाहावा. फवाऱ्याच्या पंपाने औषध सावकाश व खोल ओढावयाचे असते, तर कॅप्सूलच्या भुकटीचे औषध जोराने व खोल. दोन्हींत त्यानंतर सुमारे दहा सेकंद श्वास रोखावा. स्टेरॉइड असल्यास चूळ भरावी. पुढील भेटीत डॉक्टरांसमोर ही कृती करून दाखवावी. ही भेट चार आठवड्यांच्या आत व्हावयास हवी.

घरी प्राणवायूचे यंत्र असेल, तर ऑक्सिमीटरवर ९० पाहून त्याचा प्रवाह परस्पर वाढवू नये. यंत्र लावलेले असताना यांपैकी अनेकांसाठी ८८ ते ९२ हीच योग्य पातळी असते. अतिरिक्त प्राणवायूने रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून गुंगी येऊ शकते. आपल्या रुग्णाची पातळी डॉक्टरांकडून लिहून घ्यावी.

धूम्रपान, चुलीचा आणि उदबत्तीचा धूर घरातून हद्दपार करावा. फ्लू व न्यूमोनियाच्या लसींविषयी विचारावे. डॉक्टरांच्या सल्ल्याने चालणे व श्वसनाचे व्यायाम लवकर सुरू करावेत.

आणखी एक गोष्ट. ‘घरच्यांना पुन्हा त्रास नको’ म्हणून अनेक ज्येष्ठ धाप लपवितात. त्यांना रोज तीन प्रश्न विचारा: धाप वाढली का? कफ वाढला का? त्याचा रंग पिवळा वा हिरवा झाला का? एकाचेही उत्तर होकारार्थी असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दूरध्वनी करावा. ओठ निळसर दिसले, बोलताना वाक्य पुरे होईना किंवा गुंगी आली, तर मात्र क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.